बोअरच्या पाण्यातली माय

सुकराम बिसेनच्या अंगणात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. दरेकशाच्या स्टेशनावर उतरून जंगलाच्या वाटेनं आत गेलं की साजाटोला ही छोटी वस्ती लागते. मोहफुलं वेचायचे दिवस होते. एरवी या वेळी टोल्यातल्या बाया टोपल्या घेऊन झाडांखाली वाकलेल्या असतात. त्या दिवशी एकही गेली नव्हती. फुलं झाडाखाली सुकत पडली होती आणि सगळा टोला सुकरामच्या दारी पाणी पाहायला जमला होता.

पाणी दाखवणारे गुलाबचंद महाराज खाटेवर बसले होते. पांढराशुभ्र सदरा, मनगटावर मोठं घड्याळ. समोरच्या पाटावर चहाच्या टपरीत असतात तसे काचेचे ग्लास मांडलेले. त्यांचा माणूस श्यामलाल घराघरातून आलेलं पाणी एकेका ग्लासात ओतत होता.

"पानी झूठ नाई बोलत," महाराज म्हणाले. "आदमी बोलते, औरत बोलते, डागदर तर बोलतेच बोलते. पानी नाई बोलत. काऊन का, पान्याले जीभ नाई आणि पोटबी नाई."

लोक हसले. महाराजांनी कापराचा वास येणारी पिवळट विभूती चिमटीत घेतली आणि पहिल्या ग्लासात सोडून काडीनं ढवळली. पाणी फिकट पिवळं झालं. "घर साफ," महाराज म्हणाले. ज्याचं घर होतं त्यानं खाली पाहत हात जोडले. दुसरा ग्लास, तिसरा ग्लास, सगळे पिवळे. मग सुकरामच्या घरच्या ग्लासाची पाळी आली.

विभूती पाण्याला लागली तिथं आधी जांभळा धूर उठल्यासारखं झालं. तो धूर तळाकडे उतरत गेला, पसरत गेला, आणि बघता बघता ग्लासातलं पाणी दौतीतल्या शाईसारखं काळं झालं.

पुढच्या रांगेतल्या बाया मागं सरकल्या. भिंतीला टेकून भूमिका उभी होती. ती सुकरामची लेक. गोंदियाला सिव्हिल इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होती, तिथंच कुडव्यात खोली करून राहायची, आणि सुट्टी म्हणून आदल्या दिवशीच पॅसेंजरनं गावी आली होती. महाराजांचा हात ती डोळ्यांची पापणी न लववता पाहत होती. हातचलाखी असती तर तिला दिसली असती. पाणी तिनं स्वतः भरून दिलं होतं.

"या घरातली एक बाई पान्याजवळ गेली," महाराज डोळे मिटून म्हणाले.

"हो," सुकराम म्हणाला. "माझी घरवाली. बोअरच्या ओट्यावर."

सुलोचनाबाई मागच्या जेठात, ज्येष्ठ महिन्यात, गेली होती. नवीन बोअरच्या ओट्यावर कपडे धुताना डोक्यात कळ आली आणि तिथंच बसल्या जागी कलंडली. आसपासच्या गावांना हे ठाऊक होतं. महाराजांना ते पाण्यानं सांगितलं असं मात्र त्या क्षणी सगळ्यांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर भूमिकालाही वाटलं.

महाराजांनी लिंबू कापलं आणि काळ्या ग्लासात पिळलं. काळं पाणी विरघळल्यासारखं निवळत गेलं आणि पुन्हा फिकट पिवळं झालं.

"गेली नाई. लपली," ते म्हणाले. "तिले परत याचं हाये. जागा पाहून राहिली." आणि त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात सुकरामची सून रुची उभी होती, सात महिन्यांची गरोदर. तिनं पदर पोटावर ओढून घेतला.

"ही खाते काय?"

रुचीचा नवरा चंद्रकुमार घरात जाऊन आशाताईंनी दिलेल्या लाल गोळ्यांचं पाकीट घेऊन आला. महाराजांनी एक गोळी कुटली, आपल्या कॅनमधल्या पाण्यात टाकली आणि वरून विभूती सोडली. ते पाणी तर कोळशाहून काळं झालं.

"पाहा. हे भुताचं खानं. हे बंद करा. दवाखाना बंद करा. अमावस्या झाली का हिले सडक अर्जुनीले आमच्या दरबारात आना. बाळंतपन तिथंच होईल. दवाखान्यात झालं तर येनारी वाटेतून परतेल, आणि परतताना एकटी नाई जानार."

सुलोचनाबाई परत यायची असेल तर तिचं खाणं भुताचं कसं, आणि भुताचं असेल तर ती परत यायला हवी कशाला, हे कुणी विचारलं नाही. काळं पाणी पाहिलेल्या माणसाला असले प्रश्न सुचत नाहीत. सुकराम खाटेपाशी उकिडवा बसला होता. त्यानं फक्त एकच विचारलं.

"येईल का जी ती? खरंच येईल?"

भूमिकानं आपल्या बापाला माय गेल्यापासून इतकं आशेनं बोलताना ऐकलं नव्हतं.

*

घर तसं वर्षभर धास्तावलेलंच होतं. माय गेली तेव्हापासून चहा काळपट होतो, असं घरात म्हणायचे. दूध कितीही घातलं तरी वर मेलेला रंग यायचा. पांढरी धोतरं पिवळी पडली होती. सकाळी मोटर लावली की पहिली धार लालसर यायची, आणि मोटर बंद केली की पाइपातून आवाज यायचा, कुणीतरी तहानेलं घटघट पाणी पीत असल्यासारखा. शेजारपाजारचे लोक जुन्या विहिरीवरून पाणी आणायचे. बोअर एवढ्या एकाच घराला होता. सुकराम संध्याकाळी बोअरच्या ओट्यावर बसायचा आणि तो आवाज ऐकायचा. लोकांना त्या आवाजाची भीती वाटायची. सुकरामला वाटत नसे. तो मोटर मुद्दाम लावायचा आणि बंद करायचा.

महाराज गेल्यावर रुची भूमिकाला आतल्या खोलीत घेऊन गेली.

"माय मले कधी रागानं बोलल्या नाई, भूमिका," ती म्हणाली. "मंग आता माझ्या पोटात काऊन येऊन बसतील? आणि माझं लेकरू? ते कुठं जाईल?"

एवढं बोलतानाही तिला धाप लागली. तिच्या पापण्यांची आतली बाजू आणि तळवे पांढरेफटक पडले होते. दुपारी शामकलाबाई आल्या. त्या टोल्याच्या आशाताई, घरोघरी फिरणाऱ्या आरोग्यसेविका. गोळ्या बंद केल्याचं ऐकून त्या दारातच थांबल्या.

"हिचं रक्त सातच्या खाली हाये, चंद्रकुमार. गोळ्या बंद केल्या आणि जंगलात कुठं बाळंतपन केलं, तर माय जाईल का लेकरू जाईल, मी सांगू नाई शकत."

"तुमी सकाळी विभूतीचं पाणी पाह्यलं नाई, ताई," चंद्रकुमार म्हणाला.

शामकलाबाई गेल्यावर भूमिका भावाशी भांडली. "दादा, गोळी बंद नको करू. तो माणूस फसवून राहिला."

"कसा?" चंद्रकुमारनं शांतपणे विचारलं. त्याला राग आला नव्हता, तो खरंच विचारत होता. "पाणी आपलं. ग्लास सगळ्यांसमोर धुतले. मंग आपलंच काळं काऊन झालं? तू इंजिनियर होऊन राहिली ना? सांग."

भूमिकाला सांगता येईना. आणि त्याहून वाईट म्हणजे, संध्याकाळी मोटर बंद झाल्यावर पाइपातला तो घटघट आवाज ऐकताना तिच्या मनात आलं, माय असेल तर? तिला तहान लागली असेल तर? ती ओट्यापर्यंत गेली आणि अर्ध्यातून परत आली. माय असेल या भीतीनं की माय नसेल या भीतीनं, ते तिचं तिलाही कळलं नाही.

सोमवारी निघताना तिनं बोअरचं पाणी एका बाटलीत अर्ध्यापर्यंत भरून घेतलं. रुचीच्या गोळ्यांच्या पाकिटातल्या दोन गोळ्या पर्समध्ये टाकल्या. विभूतीची चिमूट पाटाच्या फटीत अडकली होती, ती कागदात बांधली.

पॅसेंजरमध्ये ती खिडकीशी बसून एकाच गोष्टीचा विचार करत होती. बोअरच्या पाण्यात माय आहे, असं समजू. मग गोळी का काळी झाली? गोळी कुठल्यातरी कारखान्यात बनली, पेटीत भरून आली, सगळ्या जिल्ह्यातल्या गरोदर बायांना वाटली गेली. तिच्यात साजाटोल्याची सुलोचना कशी शिरेल? बोअरमध्ये आणि गोळीत असं काहीतरी एकच आहे, जे विहिरीत नाही. तिनं गोळीच्या पाकिटाची मागची बाजू पाहिली. फेरस सल्फेट, असं छापलं होतं. फेरस म्हणजे लोह, एवढं तिला आठवलं. पुढचं आठवेना.

मग तिनं पिशवीतून बाटली काढली आणि उजेडाला धरली. गावातून निघताना काचेसारखं नितळ असलेलं पाणी आता पिवळं झालं होतं, आणि तळाशी लालसर गाळ बसला होता. बाटली तर तिनं उघडलीही नव्हती.

*

भूमिकाचा केमिस्ट्रीवर राग होता. तिला पूल बांधायचे होते. पूल काढायला, मोजायला, त्याचं वजन पेलायला जे लागतं ते ती मनापासून शिकायची. केमिस्ट्रीच्या तासाला मात्र ती खिडकीबाहेर पाहायची. महिन्याभरापूर्वी तिनं भर वर्गात विचारलं होतं, "सर, आम्हा सिव्हिलवाल्यांना केमिस्ट्री कशासाठी? आम्ही काय औषधं बनवणार आहोत का?" वर्ग हसला होता. योगराज सर हसले नव्हते. ते म्हणाले होते, "तुझा पूल कशाचा असेल? लोखंडाचा आणि सिमेंटचा. तो उभा राहील कुठं? पाण्यात आणि हवेत. या चौघांचं आपसात काय चालतं ते तुला माहीत नसेल, तर पूल तू बांधशील आणि ते चौघं तो पाडतील." तिला ते बोलणं पुस्तकी वाटलं होतं.

त्या सोमवारी गोंदियाला उतरल्यावर मात्र ती सरांच्या प्रयोगशाळेत गेली आणि बाटली टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं. ओटा, माय, काळा चहा, घटघट आवाज, रुचीच्या बंद केलेल्या गोळ्या. सांगताना तिचे डोळे भरले.

सरांनी बाटली हलवली, थोडं पाणी परीक्षानळीत घेतलं, त्यात आम्लाचे दोन थेंब टाकले. गाळ विरघळला. मग दुसऱ्या एका बाटलीतले थेंब सोडले.

परीक्षानळी रक्तासारखी लालभडक झाली.

भूमिका खुर्चीवरून उठली.

"बस," सर म्हणाले. "रक्त नाही. लोह आहे. पोटॅशियम थायोसायनेट टाकलं की लोह लाल रंग देतं. हा प्रयोग मी तुमच्या वर्गाला दाखवला आहे. तू बहुतेक बाहेर पाहत होतीस."

मग त्यांनी कागदातली विभूती हुंगली. कापराच्या वासाखाली आणखी एक वास होता, तुरट, कोरडा. सरांनी तिचा एक कण जिभेला लावला आणि तोंड वाकडं केलं.

"तुमच्याकडे जंगलातून काय गोळा करतात?"

"मोह, तेंदूपत्ता, हिरडा..." ती म्हणाली आणि थांबली.

"हिरडा," सर म्हणाले. "त्यात टॅनिन असतं, भरपूर. टॅनिनला लोह भेटलं की काळी शाई होते. पूर्वी लोक अशीच शाई बनवायचे. चहातही टॅनिन असतं. म्हणून तुमचा चहा काळा."

"आणि लिंबू?"

"तू सांग."

तिनं टेबलावरची बाटली हातात घेतली. मग हळूहळू बोलली. "लिंबात आम्ल आहे. आम्ल... ते लोहाला टॅनिनपासून सोडवून घेतं?"

"घेतं. काळा रंग त्या दोघांच्या जोडीचा होता. जोडी तुटली, रंग गेला."

"मग विहिरीचं पाणी काळं का होत नाही, सर?"

"खोल खडकातल्या पाण्याला हवा लागत नाही. तिथं लोह विरघळून राहतं, पाणी नितळ दिसतं. वर आलं, हवा लागली, की त्याचा गंज होऊन खाली बसतो. विहीर उघडी असते, तिच्यातलं लोह आधीच तळाला गेलेलं असतं. तुझ्या बाटलीत अर्धी हवा होती. भूत बाटलीत शिरलं नाही, तू हवा भरून आणलीस."

पाइपातल्या आवाजाचं तिला स्वतःलाच उमगलं. मोटर बंद झाली की पाइपात चढलेलं पाणी खाली उतरतं. ते अडवायला खाली झडप असते. झडपेत गंज अडकला की ती नीट मिटत नाही, आणि पाणी घटघटत खाली जातं. सकाळची लाल धार म्हणजे पाइपात रात्रभर साचलेला गंज. एकेक गोष्ट सुटी होत गेली आणि प्रत्येक वेळी तिला हलकं वाटण्याऐवजी थोडं रिकामं वाटत गेलं. शेवटी बोअरपाशी मायचं काहीच उरलं नाही.

"सर," ती म्हणाली, "बाबूजींना हे कसं सांगू?"

सरांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "रसायन काय करतं ते मी सांगू शकतो. घरी तुलाच जावं लागेल. आणि उशीर करू नको. तुझ्या वहिनीला लोह कमी पडून राहिलं आहे, आणि तो माणूस तिचं लोहच बंद करायला निघाला आहे."

*

ती दुसऱ्याच दिवशी गावी परतली. घरच्या अंगणात हिरडा वाळत पडला होता, दर वर्षी पडतो तसा. तिनं मूठभर उचलला, खलबत्त्यात कुटला, आणि रुची व चंद्रकुमारला चुलीपाशी बसवून बोअरच्या पाण्यात टाकला. पाणी काळं झालं. लिंबू पिळलं, निवळलं. चंद्रकुमारनं ग्लास तिच्या हातातून घेतला आणि स्वतः पुन्हा करून पाहिलं. विहिरीच्या पाण्यात करून पाहिलं. विहिरीच्या पाण्यात गोळी कुटून टाकली आणि पुन्हा करून पाहिलं. मग तो कपाळाला हात लावून बसला.

"आपल्याच अंगणातला हिरडा," तो म्हणाला.

रुचीनं पाकिटातून एक गोळी काढली आणि पाण्याबरोबर गिळली.

सुकरामला सांगायला भूमिका ओट्यावर गेली. तिनं लोह सांगितलं, हिरडा सांगितला, झडप सांगितली. सुकराम ऐकत होता, पण त्याचा चेहरा दगडासारखा होत गेला.

"तू शिकलेली हायेस," तो म्हणाला. "तुले सगळं समजते. पण तू रोज हितं बसत नाई. मी बसतो. ती पाणी पेते. मी ऐकतो."

"बाबूजी, बोअर कधी पडला?"

"बैसाखात."

"आणि माय कधी गेली?"

"जेठात," तो म्हणाला.

"मधल्या दिवसांत चहा कसा होत होता? आठवा. मायनं एक दिवस कप तुमच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, एवढा पैसा घालून पाणी काढलं आणि चहा पाहा कसा डांबरासारखा. तुम्ही हसले होते. म्हणाले, दूध वाढव. ती त्यावरून चिडली होती. बाबूजी, तेव्हा ती जिवंत होती. आपलं पाणी तेव्हाही काळंच होतं."

सुकरामनं बोअरचं झाकण तळव्यानं पुसलं. मग तो उठला आणि शेताकडे निघून गेला.

*

अमावस्येनंतर महाराज जीप घेऊन रुचीला न्यायला आले. पुन्हा गर्दी झाली. या वेळी पाटावर ग्लास आधीच मांडलेले होते, आणि पाटामागं भूमिका बसली होती. शेजारी पोलीस पाटील आणि शामकलाबाई उभ्या होत्या.

"महाराज," भूमिका म्हणाली, "आज पाणी मी दाखवते. हे विहिरीचं पाणी. साफ घरांतलं."

तिनं त्यात हिरड्याची पूड टाकली. पाणी फिकट पिवळं झालं. मग तिनं एक जुना गंजलेला खिळा वर धरला, सगळ्यांना दाखवला, आणि तो रात्रभर बुडवून ठेवलेल्या लिंबाच्या रसातले थेंब, लिंबाचं आम्ल मरावं म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा घालून, त्या ग्लासात सोडले. पाणी खदखदलं आणि काळं झालं.

"याच्यात कोणाची माय हाये?" तिनं विचारलं.

पुढच्या रांगेतली एक म्हातारी वाकून खिळ्याकडे पाहत होती.

महाराज हसले. "पोरगी जादू शिकून आली. शहरात शिकवतेत असं. विभूती आमची सिद्ध हाये, तिची गोष्ट अलग."

"मंग तुमची विभूती आणि माझा हिरडा दोन वाट्यांत ठेवते. कोणती सिद्ध ते तुम्ही चाखून सांगा. डोळे बांधून."

महाराजांनी घड्याळाकडे पाहिलं. आता त्याचा उपयोग झाला. ते म्हणाले की त्यांना दुसऱ्या गावी जायचं आहे.

तेव्हा चंद्रकुमार पुढं झाला. तो महाराजांकडे गेलाच नाही, श्यामलालकडे गेला. "महाराज यायच्या आधी तू टोल्यात आला होता. पाणी प्यायला म्हणून आमच्या ओट्यावर बसला होता. ओटा लाल काऊन हाये, असं विचारलं होतं मले. किती गावांचे लाल ओटे पाह्यले तू?"

श्यामलाल इकडेतिकडे पाहू लागला. पोलीस पाटलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा त्याला माहीत आहे का, असं अगदी साध्या आवाजात विचारलं. श्यामलालला तो नीट माहीत होता असं दिसलं, कारण त्यानं लगेच सांगून टाकलं. जिथं ओटा लाल, बादल्या पिवळ्या आणि घरात कुणी गेलेलं, ते घर तो हेरून ठेवायचा. विभूतीसाठी तो सालेकशाच्या बाजारात हिरडा विकत घेऊन कुटायचा. कापूर वास लपवायला. गोळीची युक्ती त्यांना एका गावात अचानक सापडली होती. तेव्हापासून गरोदर बाई असलेलं घर मिळालं की महाराज खुश व्हायचे, कारण तशा घरचे लोक सर्वांत जास्त घाबरतात.

अंगणात आवाज चढू लागला. दोघाचौघांनी जीपचा रस्ता अडवला. "हात लावू नका," शामकलाबाई म्हणाल्या. "ठाण्यात जाऊ द्या त्याले." पोलीस पाटलांनी दोघांना जीपमध्येच बसवलं आणि सालेकशाला नेलं.

सुकराम या सगळ्या वेळात गोठ्याच्या दाराशी उभा होता. गर्दी पांगली तेव्हा भूमिका त्याच्याकडे गेली. तिला वाटलं होतं तो काही बरं बोलेल.

"तू खरं केलं," तो म्हणाला. "पण एक सांगू? मागच्या जेठात ती गेली तवा तुमी सगळे माझ्यासोबत रडले. आज ती पुन्हा गेली, आणि आज मी एकटाच हाये."

भूमिका त्याच्या शेजारी खाली बसली. ती फक्त म्हणाली, "एकटे नाही, बाबूजी. मलापण वाटलं होतं ती असेल."

सुकरामनं तिच्याकडे पाहिलं. मग ती दोघं तिथंच गोठ्याच्या सावलीत बसून रडली.

*

परीक्षेआधीच्या सुट्टीत भूमिकानं आणि चंद्रकुमारनं बोअरजवळ दोन ड्रम बसवले. पाइपाला बारीक भोकं पाडून पाणी उंचावरून पावसासारखं पाडायचं, म्हणजे त्याला हवा लागते. मग ते वाळू आणि कोळशाच्या थरातून जाऊ द्यायचं, म्हणजे गंज वरच अडकतो. सगळा हिशेब तिनं योगराज सरांकडून तपासून घेतला. पहिल्यांदा भोकं मोठी झाली आणि पाणी लालच आलं. दुसऱ्यांदा वाळू वाहून गेली. तिसऱ्यांदा खालच्या नळातून नितळ पाणी आलं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत नितळच राहिलं. बोअरची झडपही बदलली. आवाज थांबला. पहिल्या संध्याकाळी ती शांतता घरातल्या कुणालाच सोसवेना. सगळे अंगणात येऊन बसले आणि मायविषयी बोलत राहिले, वर्षभरात बोलले नव्हते इतके.

रुचीला दवाखान्यात रक्त चढवावं लागलं. बाळंतपण गोंदियाला झालं. अवघड गेलं, डॉक्टर म्हणाले, घरी असती तर हाती लागली नसती. मुलगी झाली.

टोल्यातून भेटायला आलेल्या बायांमधल्या एकीनं बाळाचं नाक पाहिलं, कपाळ पाहिलं आणि सुकरामला म्हणाली, "पाहा बरं भाऊ, हुबेहूब सुलोचना. आलीच शेवटी. महाराज लबाड निघाला तरी बाई आली परत."

चंद्रकुमारनं मान खाली घातली. भूमिका बापाकडे पाहत राहिली. सुकरामच्या हातात बाळ होतं.

"नाई, बाई," तो म्हणाला. "सुलोचना मेली. डोक्यात रक्त फुटून मेली. हिच्यात कोणी आलं नाई, ही आपली आपण आली. मले सांगणारा भेटला म्हणून मी सुनेले मारायले निघालो होतो. मी त्याले एवढंबी म्हटलं नाई का बाप्पा, ती विभूती माझ्या हाती दे, मी करून पाहतो. तुमच्याकडं कोणी आला तर एवढं म्हणा. घाबरले असाल तरी म्हणा. रडत असाल तरी म्हणा."

मग त्यानं बाळ रुचीच्या कुशीत ठेवलं आणि तिची गोळीची वेळ झाली का, ते विचारलं.